एसआय जॉइंटच्या दुखण्यावरील इंजेक्शने: निवड करण्यापूर्वी तुलना कशी करावी

कंबर दुखते म्हणून एमआरआय होतो, अहवालात मणक्यांमधील एक-दोन गाद्या झिजल्याचे निघते, गोळ्या, शेक आणि ट्रॅक्शन होऊन जाते, आणि तरीही एका बाजूच्या कुल्ल्याच्या वर, एक बोट ठेवून दाखवता येईल असे दुखणे राहतेच. मग एखादे डॉक्टर ‘एसआय जॉइंट’ (सॅक्रोइलियाक, म्हणजे पाठीच्या कण्याच्या तळाचा सांधा) असे म्हणतात आणि पाठोपाठ इंजेक्शनचा विषय निघतो. तेथून पुढे एक जण स्टेरॉइड सुचवतो, दुसरा पीआरपी (रुग्णाच्याच रक्तापासून केलेले इंजेक्शन), तिसरा ग्लुकोजचे इंजेक्शन, तर चौथा नस जाळण्याबद्दल बोलतो. माझ्या आईच्या दुखण्यात आम्ही याच टप्प्यावर बराच काळ अडकलो होतो आणि भेटेल त्या डॉक्टरांना ‘यातले सर्वांत चांगले कोणते?’ असे विचारत होतो. या प्रश्नाला उपयोगी पडेल असे उत्तर मिळत नाही, कारण औषधाच्या नावाआधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: दुखणे खरोखर त्याच सांध्याचे आहे का, त्या इंजेक्शनकडून आपल्याला निदान हवे आहे की आराम, आणि सुईचे टोक नेमके कुठे पोहोचणार आहे. पुढील माहिती याच क्रमाने दिली आहे. ती डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून वाचावी, तपासणीऐवजी नव्हे.

आधी सांध्याची खात्री

पाठीच्या कण्याच्या तळाशी त्रिकास्थी नावाचे त्रिकोणी हाड असते, आणि ते दोन्ही बाजूंना कमरेच्या पसरट हाडांना जिथे जोडले जाते तो हा सांधा. गुडघ्यासारखा तो वाकत नाही; त्याची हालचाल काही अंश आणि एक-दोन मिलिमीटर एवढीच असते. त्याचे काम वरच्या शरीराचा भार पायांकडे पोहोचवण्याचे आहे, आणि म्हणूनच एका पायावर भार देणे, जिना चढणे, अंथरुणात कूस बदलणे किंवा खुर्चीवरून उठणे अशा क्षणी तो दुखतो. बाळंतपण, कुल्ल्यावर आदळून पडणे, दोन पायांच्या लांबीतील फरक आणि कमरेचे मणके स्क्रूने जोडण्याची आधी झालेली शस्त्रक्रिया ही त्याची नेहमीची कारणे आहेत. दीर्घकालीन कंबरदुखीच्या रुग्णांपैकी साधारण १५ ते ३० टक्क्यांमध्ये दुखण्याचे मूळ या सांध्यात असते असे मानले जाते. याचाच अर्थ बहुसंख्यांमध्ये ते इतरत्र असते, आणि म्हणून केवळ ‘खालची कंबर दुखते’ एवढ्यावर इंजेक्शनचा निर्णय होऊ नये.

तपासणीच्या वेळी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे. डॉक्टरांनी ‘कुठे दुखते ते एका बोटाने दाखवा’ असे सांगितल्यावर आपले बोट दर वेळी कमरेच्या खळीजवळ, किंचित खाली आणि आतल्या बाजूला पडत असेल, तर संशय या सांध्याकडे वळतो. तेच बोट कमरेच्या मध्यावर किंवा बेंबीच्या पातळीइतके वर जात असेल तर कमी. दुसरे म्हणजे, पाय दुमडून मांडीतून खाली दाब देणे, कमरेची हाडे दोन्ही बाजूंनी दाबणे, पालथे झोपवून त्रिकास्थीवर दाब देणे अशा पाच-सहा चाचण्या डॉक्टर हाताने करतात. यांपैकी एखादीच दुखरी निघाली तर तिला फारसा अर्थ नसतो; तीन किंवा अधिक चाचण्यांत आपले ओळखीचे दुखणे उठले, तर निदानाला बळ येते. पाच मिनिटांत होणारी ही तपासणी न होता कुणी थेट इंजेक्शनची तारीख देत असेल, तर थांबून ‘आधी हात लावून तपासाल का?’ असे विचारण्यात संकोच वाटू देऊ नये.

इथेच एक वेगळी वाट तपासून पाहावी लागते. वय ४५ च्या आत सुरू झालेले दुखणे, सकाळी अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा ताठरपणा, पहाटे जाग आणणारी वेदना, आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होणारा त्रास, ही अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या संधिवाताच्या गटाची लक्षणे असू शकतात. अशा वेळी सांध्यांचा एमआरआय, रक्तातील सीआरपी (सूज दाखवणारी) आणि एचएलए-बी२७ (या संधिवाताशी संबंधित जनुकाची) या तपासण्या करून संधिवाततज्ज्ञांकडे जावे. तेथे मुख्य उपचार पोटातून घ्यायच्या औषधांचा आणि गरज पडल्यास त्वचेखाली घ्यायच्या जैविक औषधांचा असतो, सांध्यातील इंजेक्शन केवळ साहाय्यक. तसेच आपल्याकडे या सांध्याचा क्षयरोग विसरून चालत नाही. एकाच बाजूचे, दिवसेंदिवस वाढणारे दुखणे, संध्याकाळी येणारा बारीक ताप आणि घटते वजन अशी कहाणी असेल, किंवा गुराढोरांशी रोजचा संबंध आणि कच्चे दूध पिण्याची सवय असल्याने ब्रुसेलोसिसची, म्हणजे जनावरांपासून येणाऱ्या जंतुसंसर्गाची, शंका असेल, तर तपास पूर्ण होईपर्यंत त्या सांध्यात स्टेरॉइड जाता कामा नये, कारण ते जंतुसंसर्गाला मोकळे रान देते.

निदानाचे इंजेक्शन आणि उपचाराचे इंजेक्शन

एकाच सुईतून दोन वेगळी कामे होतात आणि ती मनात वेगळी ठेवली नाहीत तर तुलना फसते. इंजेक्शनमध्ये बहुधा भुलीचे औषध आणि स्टेरॉइड एकत्र असते. भुलीचे औषध काही मिनिटांत काम सुरू करते: लिग्नोकेनचा परिणाम एक-दोन तास, ब्युपिव्हाकेनचा त्याहून बराच अधिक वेळ राहतो. स्टेरॉइडचा परिणाम दोन दिवसांपासून आठवड्याभरात कधीतरी जाणवू लागतो. म्हणून पहिल्या काही तासांतील आराम ‘दुखणे याच सांध्याचे आहे का’ याचे उत्तर देतो आणि पुढच्या आठवड्यांतील आराम ‘औषध लागू पडले का’ याचे. संध्याकाळी दुखणे परत आले म्हणून ‘इंजेक्शन फुकट गेले’ असे अनेक जण ठरवून टाकतात. प्रत्यक्षात पहिल्या दोन तासांत दुखणे ८ वरून २ वर आले असेल, तर सांधा सापडला आहे, आणि ही माहिती पुढील प्रत्येक निर्णयासाठी मोलाची आहे.

किती आराम पडला म्हणजे निदान पक्के? पन्नास टक्क्यांपासून पंच्याहत्तर टक्क्यांपर्यंत वेगवेगळ्या मर्यादा वापरल्या जातात. एकाच चाचणीने फसगत होण्याचा संभव लक्षणीय असल्याने, नस जाळण्यासारखा पुढचा उपचार ठरवण्याआधी अनेक तज्ज्ञ वेगळ्या दिवशी दुसरी चाचणी करतात. खर्च आणि खेप दोन्ही वाढते हे खरे, तरी मी याच बाजूने आहे.

यासाठी वही हवी. इंजेक्शनच्या आधी, नंतर १५ मिनिटांनी, अर्ध्या तासाने, आणि पुढे सहा ते आठ तास दर तासाला ० ते १० या मापावर दुखण्याचा आकडा लिहावा. त्यानंतर दोन आठवडे रोज एकदा. आकड्याबरोबर कृती लिहावी: ‘दहा मिनिटे उभे राहिले’, ‘मांडी घालून बसता आले’, ‘कुशीवर वळताना कळ आली नाही’. आणि त्या पहिल्या तासांत निजून राहू नये, तर एरवी जे केल्याने दुखते तेच जपून करून पाहावे; पडून राहिलेल्या माणसाचे दुखणे तसेही कमी असते आणि मग चाचणीला अर्थ उरत नाही.

सुई कुठे जाते

सर्व तुलनेत हा भाग मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो आणि रुग्णांशी बोलताना याच भागाबद्दल सर्वांत कमी सांगितले जाते. हा सांधा खोल, वेडावाकडा आणि अरुंद आहे. त्यात मावणारे औषध एक ते अडीच मिलिलिटरच्या आसपास. बोटाने चाचपून अंदाजाने दिलेली इंजेक्शने कुठे पोहोचतात हे सीटी स्कॅनने पडताळून पाहणारा एक अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात केवळ २२ टक्के इंजेक्शने सांध्याच्या आत गेल्याचे आढळले. म्हणून ‘ओपीडीतच पटकन देतो’ असे कुणी म्हणाले, तर ते इंजेक्शन सांध्याच्या आतले धरू नये, आणि ते लागू पडले नाही तर सांधा निर्दोष आहे असाही निष्कर्ष काढू नये.

सी-आर्म, म्हणजे शस्त्रक्रियागृहातील फिरता एक्स-रे, वापरला असता थोडा डाय (एक्स-रेत दिसणारे द्रव्य) सोडून सुई आत आहे याची खात्री पडद्यावर करता येते. त्यात किरणोत्सर्ग अल्प असला तरी असतो, त्यामुळे गरोदरपणात तो टाळतात. डायची किंवा आयोडीनची पूर्वीची अ‍ॅलर्जी असल्यास आधी सांगावी लागते. सोनोग्राफीत किरण नाहीत आणि सांध्याबाहेरील अस्थिबंध (हाडे एकमेकांना बांधून ठेवणारे पट्टे, लिगामेंट) चांगले दिसतात. मात्र हाडाच्या आड काय आहे ते तिला दिसत नाही, त्यामुळे औषध आत शिरल्याची खात्री तितकी पक्की होत नाही आणि बरेच काही करणाऱ्याच्या हातावर अवलंबून राहते. सीटी अचूक आहे, पण किरण आणि खर्च अधिक, त्यामुळे बहुतेकांना त्याची गरज पडत नाही.

आत की बाहेर, हा प्रश्नही खुला ठेवावा. सांध्याच्या मागील बाजूला जाड अस्थिबंधांचे जाळे आहे आणि अनेकांचे दुखणे तेथूनच निघते. जपानमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनेत भुलीचे औषध सांध्याबाहेरील अस्थिबंधांत दिलेल्या २५ पैकी २५ रुग्णांना आराम पडला, तर सांध्याच्या आत दिलेल्या २५ पैकी ९ जणांना. अभ्यास लहान आहे आणि आराम भुलीच्या औषधाचा, म्हणजे अल्पकाळचा; तरीही आतल्या इंजेक्शनने गुण न आल्यास बाहेरच्या जागेचा विचार व्हावा, एवढे त्यातून नक्की निघते. बाळंतपणानंतरच्या किंवा पडल्यानंतरच्या दुखण्यात, जिथे ताणलेल्या अस्थिबंधांचा वाटा मोठा असू शकतो, डॉक्टरांना हा प्रश्न आवर्जून विचारावा.

स्टेरॉइड

सर्वाधिक दिले जाणारे इंजेक्शन हेच. मिथाइलप्रेडनिसोलोन किंवा ट्रायअमसिनोलोन, बहुधा ४० मिलिग्रॅमच्या आसपास, भुलीच्या औषधात मिसळून देतात. सूज असलेल्या सांध्यात ते चांगले काम करते. संधिवाताच्या सूजेत तर विशेष. आराम काही आठवड्यांपासून साधारण तीन महिन्यांपर्यंत टिकतो, काहींना अधिक. याचे बलस्थान म्हणजे ते लवकर काम करते, तुलनेने स्वस्त पडते आणि जवळपास प्रत्येक मोठ्या शहरात ते देणारे तज्ज्ञ मिळतात. मर्यादा अशी की ते सांध्याचा सैलपणा किंवा स्नायूंची दुर्बलता दुरुस्त करत नाही. त्या आरामाच्या काळात फिजिओथेरपी केली नाही, तर चौथ्या महिन्यात माणूस जेथून निघाला तेथेच परततो. वर्षात तीन-चारच्या वर इंजेक्शने न देण्याची प्रथा आहे, कारण वारंवार दिल्याने हाडांची घनता, अ‍ॅड्रिनल ग्रंथीचे काम आणि आसपासच्या ऊतींवर परिणाम होऊ शकतो.

मधुमेहींनी हा परिच्छेद दोनदा वाचावा. सांध्यात दिलेले स्टेरॉइड रक्तात उतरते आणि पहिल्या काही दिवसांत साखर लक्षणीय वाढवते. ती पूर्वपदावर यायला आठवडाभर लागू शकतो. आम्हाला हे कुणी आधी सांगितले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी ग्लुकोमीटरवरचा आकडा पाहून आम्ही घाबरून गेलो होतो. इंजेक्शनच्या आधी एचबीए१सी (मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) पाहून घ्यावे, साखर आटोक्यात नसेल तर तारीख पुढे ढकलण्याबद्दल बोलावे, आणि पहिला आठवडा साखर किती वेळा मोजायची व औषधांत काय बदल करायचा हे मधुमेहाच्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. याखेरीज चेहरा लाल होणे, एक-दोन रात्री झोप न लागणे, रक्तदाब चढणे आणि पाळी मागेपुढे होणे हे तात्पुरते त्रास काही जणांना होतात.

ग्लुकोजचे इंजेक्शन आणि पीआरपी

या दोन्हींमागची कल्पना सूज दाबण्याच्या उलट आहे: सैल किंवा झिजलेल्या ऊतींना मुद्दाम चेतवून त्यांची दुरुस्ती घडवणे. प्रोलोथेरपीत संहत ग्लुकोजचे, म्हणजे डेक्स्ट्रोजचे, द्रावण सांध्यात किंवा अस्थिबंधांत काही आठवड्यांच्या अंतराने अनेकदा देतात. पीआरपीत रुग्णाचेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातील प्लेटलेट्सनी समृद्ध भाग सांध्यात सोडतात. दोन्हींत पहिले काही दिवस दुखणे वाढते, आणि हे माहीत नसलेला रुग्ण त्या काळात घाबरून डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन बसतो, जे पीआरपीच्या हेतूच्याच विरुद्ध जाते. त्या गोळ्या आधी व नंतर किती दिवस बंद ठेवायच्या आणि दुखल्यास कोणती गोळी चालेल, हे आधीच विचारून ठेवावे.

पुरावा आशादायक आहे, पण पातळ. कोरियातील २०१० च्या चाचणीत ४८ रुग्ण होते. २५ टक्के डेक्स्ट्रोज सांध्याच्या आत दिलेल्या गटात १५ महिन्यांनी निम्म्याहून अधिक आराम टिकलेल्यांचे प्रमाण ५८.७ टक्के, तर स्टेरॉइड गटात १०.२ टक्के निघाले, जरी दोन आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच होते. चंडीगडच्या पीजीआय संस्थेतून २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, सोनोग्राफीच्या आधारे केलेल्या चाचणीत ४० रुग्ण होते, आणि तीन महिन्यांनी पीआरपीचा गुण सुमारे ९० टक्क्यांत, स्टेरॉइडचा २५ टक्क्यांत टिकला होता. हे आकडे जाहिरातींत वापरले जातात तेव्हा दोन गोष्टी गाळल्या जातात. दोन्ही चाचण्या लहान आहेत. आणि दोन्हींत तुलना साध्या सलाइनशी नसून स्टेरॉइडशी आहे, ज्याचा परिणाम तीन महिन्यांत ओसरतोच. नंतरच्या सगळ्याच चाचण्यांनी पीआरपीच्या बाजूने कौल दिलेला नाही. शिवाय ‘पीआरपी’ हे एकच प्रमाणित औषध नव्हे: किती रक्त घेतले, यंत्र कोणते, प्लेटलेट्स किती पटींनी वाढल्या, पांढऱ्या पेशी ठेवल्या की काढल्या, यांवर दोन दवाखान्यांचे पीआरपी अगदी वेगळे असू शकते.

ज्यांना एका-दोन स्टेरॉइड इंजेक्शनांनी खात्रीचा पण अल्पकाळचा आराम पडला आहे, किंवा मधुमेहामुळे स्टेरॉइड नको आहे, अशांनी खर्च पेलत असल्यास या दोन्हींचा विचार करणे मला रास्त वाटते. पहिलाच उपचार म्हणून मी ते निवडणार नाही. सांधेदुखीवर ‘स्टेम सेल’ देऊ करणाऱ्यांपासून मात्र दूरच राहावे: आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा वापर प्रायोगिक आहे आणि तो मान्यताप्राप्त चाचणीबाहेर, रुग्णाकडून पैसे घेऊन, करता येत नाही.

नस जाळणे

रेडिओफ्रिक्वेन्सी हे नेमके इंजेक्शन नव्हे, पण सुईवाटेच होते आणि पर्यायांत तिचे नाव येतेच. सांध्याच्या मागील भागाची संवेदना नेणाऱ्या बारीक नसा, म्हणजे पाचव्या कमरेच्या मणक्याजवळची एक आणि त्रिकास्थीच्या पहिल्या तीन छिद्रांच्या बाहेरील शाखा, साधारण ८० ते ९० अंश सेल्सियस उष्णतेने निष्क्रिय करतात. त्या शाखांची जागा व्यक्तीगणिक बदलत असल्याने, टोक पाण्याने थंड ठेवून अधिक मोठा भाग तापवणाऱ्या सुयाही वापरल्या जातात. यश आल्यास आराम सहा महिने ते वर्षभर टिकतो; नसा पुन्हा वाढतात, तेव्हा दुखणे परतू शकते. सांध्याच्या पुढील भागातून निघणाऱ्या दुखण्याला मात्र ही पद्धत पोहोचत नाही. नेदरलँड्समधील २०१७ च्या मोठ्या अभ्यासात या सांध्याच्या २२८ रुग्णांना व्यायामाबरोबर रेडिओफ्रिक्वेन्सी दिल्याने नुसत्या व्यायामापेक्षा जाणवण्याजोगा फायदा दिसला नाही. रुग्णनिवड आणि तंत्र यांवरून त्यावर बराच वाद झाला असला, तरी निदानाचे इंजेक्शन नीट न करता नस जाळू नये, हे त्या वादातील दोन्ही बाजूंना मान्य व्हावे.

कागदावर तुलना

प्रत्येक डॉक्टरांनी सुचवलेल्या पर्यायासाठी वहीचे एक पान करावे आणि त्यावर तेच प्रश्न त्याच क्रमाने लिहावेत. सुई सांध्यात जाणार की बाहेर, आणि कशाच्या मदतीने? औषध कोणते व किती? आराम कधी सुरू होणे आणि किती टिकणे अपेक्षित आहे? नाहीच लागू पडले तर पुढची पायरी कोणती? एकूण किती खेपा, आणि एका खेपेच्या खर्चात शस्त्रक्रियागृह, सी-आर्म व औषध धरले आहे का? विमा असल्यास ही प्रक्रिया डे-केअर म्हणून मान्य होते का, हे कंपनीकडून लेखी विचारावे. दोन पाने शेजारी ठेवली की फरक आपोआप दिसतो. आणि ‘लागू पडले नाही तर?’ या प्रश्नाला ज्यांच्याकडे उत्तर आहे, त्या डॉक्टरांकडे माझा कल राहील.

त्या दिवशी आणि नंतर

रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. या सांध्याच्या इंजेक्शनमध्ये रक्तस्रावाचा धोका कमी मानला जातो आणि हृदयाच्या रुग्णात गोळी थांबवण्याचा धोका त्याहून मोठा असू शकतो, म्हणून ती गोळी देणारे आणि इंजेक्शन देणारे अशा दोन्ही डॉक्टरांचे मत घ्यावे. ताप, लघवीचा संसर्ग किंवा सुईच्या जागी फोड असल्यास तारीख बदलावी. भुलीचे औषध शेजारच्या नसेपर्यंत पसरले तर काही तास पाय लुळा पडल्यासारखा होतो, म्हणून सोबत कुणीतरी असावे आणि त्या दिवशी गाडी चालवू नये. वाढता ताप, सुईच्या जागी लाली व ठसठस, गुप्तांगाभोवती बधिरपणा किंवा लघवी-शौचावरील ताबा जाणे यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आराम पडू लागला की आठवड्याभरात फिजिओथेरपिस्टकडून कुल्ल्याच्या आणि पोटाच्या खोल स्नायूंचे व्यायाम सुरू करावेत. पट्टा वापरायचा असल्यास तो कमरेच्या घेरावर नव्हे, तर त्याखाली, मांडीच्या हाडाच्या बाहेरील उंचवट्याच्या किंचित वर बांधायचा असतो. घरी जाण्यापूर्वी औषधाचे नाव, मात्रा, बाजू, सुईची जागा आणि सी-आर्मवरील डायचे छायाचित्र असलेला कागद मागून घ्यावा. पुढचे इंजेक्शन वेगळ्या डॉक्टरांकडे घ्यायची वेळ आली, तर आधी काय झाले ते सांगणारा हाच कागद आणि आपली वही त्यांच्या हाती देता येईल.